रबाळ्याच्या गाळ्याचं डिपॉझिट अजून देऊ नकोस

पत्र:

ताई, मी २९ वर्षांची, घणसोलीला राहते. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये सहा वर्षं झाली. मागच्या डिसेंबरात बाहेरगावी जाऊन दोन दिवसांचं ग्लासब्लोइंगचं वर्कशॉप केलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढायचाय. साठवलेले अकरा लाख आहेत. रबाळे एमआयडीसीत एक गाळा भाड्याने मिळतोय आणि इन्स्टावर एकजण सेकंडहँड भट्टी विकतोय, तो म्हणतो लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे. बाबा म्हणतात काच फुंकून पोट भरतं का, आपल्यात कुणी केलंय का हे. मला लहानपणापासून थोडा दमा आहे, त्याचा त्रास होईल का? मी लेट झालेय का? आणि एक, वर्कशॉपमध्ये मी केलेला पेपरवेट शोकेसमध्ये ठेवला होता, तो नवव्या दिवशी रात्री आपोआप तडकला, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आई म्हणते नजर लागली. नक्की काय झालं असेल?
– एक वाचक, घणसोली

उत्तर:

अगं, आधी एक काम कर, त्या इन्स्टावाल्याला आत्ताच्या आत्ता मेसेज टाक की मला नकोय. दुसरं गिऱ्हाईक असेल तर त्याला लखलाभ. जो माणूस भट्टी विकताना आतला पॉट, म्हणजे काच वितळवायचं भांडं, कधी बदललाय हे सांगत नाही आणि फक्त लवकर करा लवकर करा म्हणतो, त्याची भट्टी बहुतेक त्याच्याच डोक्यावर बसलेली असते. हे मी कुत्सितपणे म्हणत नाहीये, माझी स्वतःची भट्टी मी अशीच विकली होती, तेव्हा मीही लवकर सांगा असंच म्हणत होते.

माझं थोडक्यात सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. माझे वडील वागळे इस्टेटला रोड नंबर १६ च्या मागे एका गाळ्यात लॅबची काच करायचे, म्हणजे कंडेन्सर, गोल बुडाचे आरबी फ्लास्क, एकमेकांत बसणारे बी-२४ चे जॉइंट, आणि निम्मं काम दुरुस्तीचं, फुटलेलं सांधून द्यायचं. मी कॉलेजातून येऊन त्यांच्या टॉर्चवर, म्हणजे काच तापवायच्या गॅसच्या ज्योतीपुढे, बसायचे. पुढे मला ‘कला’ करायची होती, कंडेन्सर नव्हे, म्हणून फिरोजाबादला जाऊन आले, दोन वर्षं दुसऱ्यांच्या भट्टीवर काम केलं आणि मग तुझ्यासारखंच सगळे पैसे घालून कळव्याला भट्टी लावली. चौदा महिने चालली. आता माझ्याकडे भट्टी नाही, टॉर्च आहे, आणि गरम काचेचं मोठं काम आलं की दुसऱ्यांच्या स्टुडिओत दिवसाचे पैसे भरून करून येते. आणि खरं सांगते, आत्ता कुठे माझे चार पैसे सुटतात.

भट्टीचं गणित तुला कुणी करून दाखवलं नसेल, वर्कशॉपमध्ये तर नाहीच, तिथे तुम्ही यायच्या आधी काच तयार असते आणि तुम्ही गेल्यावरही ती तशीच पेटलेली असते. ही चूल नाही की स्वयंपाक झाला, बंद केली. आतल्या पॉटमध्ये काच असते, ती साधारण ११०० अंशांवर कामाला घेतात, कच्चा माल वितळवताना त्याच्याही बऱ्याच वर न्यावं लागतं, आणि भट्टी पटकन थंड केली किंवा पटकन तापवली तर पॉट तडकतो. म्हणून चढवायला दोन-तीन दिवस, उतरवायला दोन-तीन दिवस, आणि मधे रात्र असो, रविवार असो, गणपती असोत, ती जळतच राहते. माझी तशी छोटीच होती, ती दिवसाला दीड-दोन कमर्शियल सिलिंडर खायची, १९ किलोवाले. म्हणजे महिन्याला पंचेचाळीस ते साठ. आजचा भाव तू स्वतः बघ आणि साठने गुण. त्यात काम करताना परत तापवायची दुसरी भट्टी असते तिचा गॅस वेगळा, गाळ्याचं भाडं वेगळं, ॲनीलरचं, म्हणजे तयार काच हळूहळू थंड करायच्या विजेच्या भट्टीचं, लाईट बिल वेगळं. आणि एकूण १०० किलोच्या वर एलपीजी साठवायचं म्हटलं की लायसन्स लागतं, म्हणजे पाच सिलिंडरच्या पुढे गेलीस की ते कागदपत्रही तुझ्या मागे. पाईपलाईनचा गॅस घेतलास तर सिलिंडर उचलायचा त्रास वाचतो, पण बिल काही कुणी माफ करत नाही. हा सगळा हिशेब एका कागदावर मांड, आणि मग त्या अकरा लाखांत तू किती महिने श्वास घेऊ शकतेस ते बघ. फक्त जिवंत राहायला, विकायला एक ग्लास तयार व्हायच्या आधी.

चौदा महिन्यांत मी जे केलं ते सांगते, कारण त्यातच तुझं उत्तर आहे. भट्टी पेटलेली म्हणजे पैसे जळतायत, ते दिसतंय, म्हणून मी येईल ती ऑर्डर घ्यायचे. एका रेस्टॉरंटच्या इंटिरियरवाल्याकडून ३२ पेंडंट लाईटची ऑर्डर आली, वरून निळ्याचा हिरवा होत जाणारा रंग. रंगाच्या कांड्या, त्या जर्मनीहून येतात, महाग असतात, तर मी पैसे वाचवायला कुठून कुठून उरलेल्या गोळा केल्या. आता काच तापली की फुगते आणि थंड झाली की आकसते, आणि प्रत्येक काचेचं आकसण्याचं माप वेगळं असतं. स्टुडिओत जी काच वापरतात तिचा आकडा ९० ते ९६ च्या आसपास असतो, लॅबच्या बोरोसिलिकेट काचेचा ३३. दोन वेगळ्या मापाच्या काचा गरम असताना अगदी दूध-साखरेसारख्या मिसळतात, काही कळत नाही, आणि थंड झाल्यावर एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि दोघी एकमेकींना ओढत बसतात. माझे ३२ पैकी १९ पेंडंट ॲनीलरमधून छान चकचकीत बाहेर आले, खोक्यात भरले, आणि त्या रात्री मी गाळ्यातच झोपले होते तेव्हा अंधारात एकेक आवाज यायला लागला. टिण्ण. मग शांतता. मग परत टिण्ण. मी दिवा न लावता पडून मोजत होते.

चूक माझीच होती, शंभर टक्के. पण ती चूक मी का केली? कारण मला टेस्ट करायला वेळ नव्हता, वेळ नव्हता कारण भट्टी जळत होती. दुसऱ्याच्या भट्टीवर असते तर एक तुकडा करून आठवडाभर ठेवून बघितलं असतं.

आता बाबांचं. काच फुंकून पोट भरतं का, तर भरतं, पण बाबांना वाटतं तसं नाही आणि तुला वाटतं तसंही नाही. आणि आपल्यात कुणी केलंय का, तर बाबांना विचार, लहानपणी घरात प्रभाकर कंदील होता का. तो कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, ओगले काच कारखान्याचा, १९१६ मध्ये सुरू झालेला. त्याच्याही आधी तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, १९०८ साली, लोकांनी वर्षाला एकेक पैसा द्यायचा अशी कल्पना, टिळकांचा पाठिंबा, आणि तिथे शिकलेली माणसं पुढे देशभर काचेच्या कारखान्यांत गेली. म्हणजे मराठी माणसाने काच फुंकली आहे, फक्त तिच्यावर आपलं नाव कोरून गॅलरीत ठेवली नाही.

आणि हे ‘स्टुडिओ’ प्रकरण तसं फार जुनं नाहीच. काच फुंकायची युक्ती दोन हजार वर्षांची, पण गेली कित्येक शतकं ते काम कारखान्यातच व्हायचं, एकजण कागदावर चित्र काढणार, दुसरा भट्टीपुढे उभा राहून बनवणार. एका कलाकाराने छोट्या भट्टीवर स्वतः काच करायची, ही गोष्ट अमेरिकेत टोलिडोच्या म्युझियममध्ये १९६२ साली दोन वर्कशॉप झाली तिथून धरतात. ती घेणारा हार्वी लिटलटन हा मुळात मातीची भांडी करणारा, कॉलेजात शिकवणारा माणूस, चाळिशीला टेकलेला. तू २९ ची म्हणतेस मी लेट झाले का! बरं, पहिल्या वर्कशॉपला काय झालं, तर त्यांची काच नीट वितळलीच नाही. मग डॉमिनिक लाबिनो नावाचा फायबरग्लासच्या कंपनीतला तज्ज्ञ म्हणाला की आमच्याकडच्या काचेच्या गोट्या टाका, त्या वितळल्या. तरी फुंकायचं कसं ते कुणाला येईना. तेव्हा काच कारखान्यातून रिटायर झालेला एक म्हातारा कारागीर, हार्वी लीफग्रीन त्याचं नाव, तिथे आला, फुंकणी हातात घेतली आणि करून दाखवलं.

मला हा किस्सा फार आवडतो, कारण सगळी प्रोफेसर मंडळी एका कामगाराभोवती उभी आहेत असं चित्र डोळ्यापुढे येतं. पुढेही तेच. डेल चिहुली, ज्याची छतावरची रंगीत काचेची झुंबरं तू इन्स्टावर नक्की पाहिली असशील, तो १९६८ मध्ये व्हेनिसजवळच्या मुरानोला जाऊन कारखान्यात बघत बसला, तिथे माणसं टीमने काम करतात हे शिकला, १९७१ मध्ये पिलचक नावाची शाळा काढली. आणि १९७६ च्या अपघातात त्याचा एक डोळा गेला, १९७९ मध्ये खांदा निखळला, तेव्हापासून तो स्वतः फुंकणी धरतच नाही, टीम करते, तो सांगतो. त्याच १९७९ मध्ये मुरानोचा लिनो तालियापिएत्रा, शाळा सोडून लहानपणीच भट्टीवर गेलेला माणूस, पिलचकला शिकवायला आला, आणि अमेरिकन लोकांना कळलं की आपल्याला अजून काहीच येत नव्हतं.

सांगायचं काय, ही कला पुस्तकातून आली नाही, यूट्यूबवरूनही येणार नाही, आणि स्वतःच्या भट्टीपुढे एकटं उभं राहून तर अजिबात नाही. कुणाच्या तरी बाजूला उभं राहूनच ती येते. दार उघडायचं, पाणी द्यायचं, पंटी, म्हणजे वस्तू तळाकडून धरायचा दांडा, आणून लावायची, लादी पुसायची. तुझे अकरा लाख आगीवर नको घालूस, ते असं बाजूला उभं राहायला मिळणाऱ्या महिन्यांवर घाल.

आता दम्याचं. तू दोन दिवस केलंस म्हणजे ग्लास कसा होतो ते पाहिलंयस, पण पहिल्या वेळी माणसाला फक्त गरम लागतं आणि घाबरायला होतं, बाकी काही लक्षात राहत नाही, म्हणून परत सांगते. फुंकणीचं टोक आधी तापवायचं, नाहीतर काच धरत नाही. भट्टीचं दार उघडलं की आतलं काही दिसत नाही, नुसता केशरी उजेड, तर काचेची पातळी कुठे आहे ते तिच्यावर पडलेल्या फुंकणीच्या प्रतिबिंबावरून ओळखायचं, टोक टेकवायचं, गुंडाळायचं आणि फिरवत फिरवत बाहेर. फिरवणं थांबलं की गोळा एका बाजूला लोंबणार. मग पोलादी पाट्यावर लोळवायचं, त्याला मार्वर म्हणतात. आणि मग ती प्रसिद्ध फुंकर. एक छोटी फुंकर, गालातली, आणि ताबडतोब अंगठ्याने फुंकणीचं तोंड बंद. झालं. आत अडकलेली हवा काचेच्या उष्णतेने स्वतःच फुगते आणि दोन-तीन सेकंदांत गोळ्याच्या पोटात बुडबुडा उमटतो. फुगा फुगवायला याच्यापेक्षा जास्त दम लागतो. तेव्हा फुंकायला तुझी फुप्फुसं पुरतील.

पण, आणि हा पण मोठा आहे, दम्याला फुंकर त्रास देत नाही, धूळ देते. काचेचा कच्चा माल म्हणजे बारीक वाळू, सोडा ॲश, चुनखडी. ती वाळूची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस, आणि तो परत फिरत नाही. कोरडी काच घासताना उडणारी धूळ पण छातीला त्रास देते, म्हणून नेहमी पाण्याखाली घासायची. भट्टीत माल टाकताना ओढणी तोंडाला गुंडाळून चालत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. तू तुझ्या छातीच्या डॉक्टरला जाऊन हे असंच्या असं सांग, वाळू, उष्णता, धूर, सगळं, आणि ते काय म्हणतात ते ऐक, माझं नको ऐकूस. डोळ्यांचं पण, वर्षानुवर्षं भट्टीत बघून मोतीबिंदू होतो, जुन्या डॉक्टरी पुस्तकांत त्याला चक्क ग्लासब्लोअरचा मोतीबिंदू म्हणतात. टॉर्चवर जो गुलाबीसर डिडिमियमचा चष्मा घालतात तो ज्योतीचा पिवळा झगमगाट कापतो, म्हणून काम दिसतं, पण भट्टीची उष्ण किरणं तो अडवत नाही, त्याला वेगळा चष्मा. हे मला वडिलांनी नाही सांगितलं, त्यांचे स्वतःचे डोळे गेल्यावर कळलं.

कुठे होते मी, हां, ग्लास. दुसऱ्यांदा काच घेतली की आकार द्यायला ओला कागद. हे माझं सगळ्यात आवडतं अवजार आणि फुकट आहे. रोजचा पेपर, आपला मराठी पेपर चालतो, फक्त पुरवणीचं चकचकीत पान नको, ते घाण जळतं. दहा-बारा घड्या करायच्या, तळहाताएवढा चौकोन, पाण्यात भिजवून निथळायचा, आणि तो तळहातावर ठेवून त्यात हजार अंशांची काच धरायची. हो, हातात. मधे फक्त ओला कागद. पाण्याची वाफ होते आणि काच त्या वाफेच्या गादीवर फिरते. पहिल्यांदा धरलीस की कागद काळा पडतो, जळक्या कागदाचा वास येतो, मग वरचा थर कोळशासारखा गुळगुळीत होतो आणि त्यानंतर खरी मजा, कारण आता तुला बोटांना कळतं की काच कुठे जाड आहे, कुठे थंड होतेय. अग्रलेख आणि निधनवार्ता एकदमच जळत असतात हातात. मला अजून कुठल्याही महागड्या अवजाराने इतकं शिकवलेलं नाही.

त्यानंतर जॅकने, म्हणजे मोठ्या चिमट्याने, मान काढायची, त्याला मधमाशांचं मेण लावायचं म्हणजे चिकटत नाही, मग तळाला पंटी लावायची, मानेवर पाण्याचा एक थेंब, टक्, आणि ग्लास या दांड्यावरून त्या दांड्यावर जातो. तोंड उघडायचं, आणि थेट ॲनीलरमध्ये, ४८०-५०० अंशांवर. हे सगळं तू आत्ता तीन मिनिटांत वाचलंस. नीट करायला मला दीड वर्ष लागलं, आणि ग्लास म्हणजे सगळ्यात सोपी वस्तू.

हात बसवायचा असेल तर घरी आजपासून कर. वाटीत काकवी घे, नाहीतर घट्ट मध, लांब दांड्याचा चमचा बुडव आणि आडवा धरून बोटांनी फिरवत राहा, थेंब खाली पडू न देता, आणि फिरवता फिरवता आईशी भांडण कर, टीव्ही बघ, फोनवर बोल. बोलताना हात थांबला नाही की समज जमायला लागलं. टॉर्चवर तर दोन्ही हात एकाच वेगाने फिरवावे लागतात, मधली काच मऊ आहे, डावा पुढे उजवा मागे झाला की पिळा पडतो. माझ्या वडिलांनी मला सहा महिने नुसत्या नळ्या सरळ जोडायला लावल्या. तेव्हा रडले होते.

म्हणून माझं म्हणणं, सुरुवात टॉर्चने कर, आणि तीही नोकरी ठेवून. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एवढ्या केमिकल आणि औषधांच्या लॅब आहेत, सगळीकडे काच फुटते आणि ती सांधणारे लोक आहेत, गाळ्यांमध्ये, बोर्डसुद्धा नसतो. त्यातलं एखादं माणूस शोध, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे काका निघतील ज्यांचा मुलगा या धंद्यात येत नाहीये, आणि विचार की शनिवारी येऊ का. पहिल्या वेळी नाही म्हणतील. तिसऱ्या शनिवारी चहा विचारतील. बोरोसिलिकेटची नळी कापायला शिक, तोंड गोल करायला, टी जॉइंट, आणि एक गोष्ट लक्षात ठेव, दुरुस्तीला आलेला फ्लास्क स्वतः धुऊन सुकवल्याशिवाय ज्योतीपुढे न्यायचा नाही, कुणीही कितीही शपथेवर सांगू दे. एका लॅबने ‘क्लीन’ म्हणून पाठवलेल्या आरबीत सॉल्व्हंट राहिला होता, भप्पकन पेटला, वडिलांच्या भुवया त्या वर्षी दिवाळीपर्यंत आल्या नव्हत्या.

टॉर्चचा फायदा असा की बटण बंद केलं की खर्च बंद. टेबल, बर्नर, ऑक्सिजन, छोटा ॲनीलर, एवढ्यात कानातले, पेंडंट, छोट्या बाटल्या, दिवे असं विकण्यासारखं काहीतरी होतं. आणि कला सोडून द्यायची झाली तरी लॅबच्या काचेला नोकरी आहे, पवईच्या आयआयटीत, टीआयएफआर या संशोधन संस्थेत ग्लासब्लोइंगची वर्कशॉप आहेत, सायंटिफिक ग्लासब्लोअरच्या जागा निघतात. बाबांना ही ओळ वाचून दाखव.

मग सात-आठ महिन्यांनी, हात थोडा चालायला लागल्यावर, भट्टीकडे जा. फिरोजाबादला केंद्र सरकारचं काच उद्योग विकास केंद्र आहे, तिथल्या ट्रेनिंगची चौकशी कर. दिल्लीला रेश्मी डे यांचा ग्लास सूत्र स्टुडिओ आहे, त्याही फिरोजाबादमध्ये शिकलेल्या, आणि बाईने भट्टीपुढे उभं राहणं तिथे तेव्हा कुणाला झेपत नव्हतं. डिग्रीच हवी असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत सिरॅमिक अँड ग्लास डिझाइनचं एमडेस, म्हणजे मास्टर्स, आहे, पण ते डिझाइनचं शिक्षण आहे, तिथून बाहेर पडलीस की लगेच फुंकणी चालेल असं समजू नकोस. आणि बाहेर जायचंच तर अमेरिकेत पिलचक आणि कॉर्निंगच्या स्टुडिओत काही आठवड्यांचे कोर्स असतात, स्कॉलरशिपही असतात, जपानमध्ये तोयामाला तर शहराचीच काच शिकवणारी संस्था आहे. पण पहिल्याच वर्षी तिकडे जाऊन पैसे उधळू नकोस, हाताला काय विचारायचं ते कळल्यावर जा.

फिरोजाबादला गेलीस की तुला एक गोष्ट दिसेल, ती आत्ताच सांगून ठेवते. तिथे पोरं फुंकणी घेऊन पळत असतात, अक्षरशः पळत, आणि त्यांचा हात तुझ्या-माझ्यापेक्षा शंभरपट चांगला असतो, आणि ते रोजंदारीवर असतात. बरेच ‘ग्लास आर्टिस्ट’ डिझाइन पाठवतात, माल तिथून करून आणतात आणि खाली स्वतःची सही करतात. करून घेण्यात काही गैर नाही, चिहुलीही करूनच घेतो, पण मग टीमचं नाव सांग. मी आता माझ्या प्रत्येक मोठ्या पीसबरोबर, भट्टीवर कोण होतं त्याचं नाव कार्डावर छापते, एका गॅलरीवाल्या बाईंना ते आवडलं नव्हतं, त्यांना म्हटलं मग माझंही काढा. सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत, कुंभार आहे, लोहार आहे, सोनार आहे, काच फुंकणारा नाहीच. कार्डावर तरी असू दे बिचारा.

पैशाचं पण स्पष्ट बोलते. शोकेसच्या वस्तू विकून कुणाचं घर चालत नाही. चालतं ते लाईटवर, आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाल्यांच्या कामावर, ट्रॉफ्यांवर, आणि खरं सांगायचं तर तुझ्यासारख्यांना दोन दिवसांचं वर्कशॉप शिकवण्यावर. निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पाईप तापवायचा नाही. एका हॉटेलने मला आठ महिने फिरवलं होतं, दर वेळी अकाउंट्सवाले सुट्टीवर. आणि कोटेशनमध्ये फुटणारे पीस धर. दहा हवे असतील तर चौदा करायला लागतात, ते चार कोण भरणार?

बिअरच्या बाटल्या वितळवून काहीतरी करायची आयडिया तुझ्या डोक्यात येईलच, सगळ्यांच्या येते. बाटलीची काच मशिनसाठी केलेली, ती पटकन कडक होते, हाताने करणाऱ्याला वेळच देत नाही, आणि दोन कंपन्यांच्या बाटल्या मिसळल्या तर माझ्या पेंडंटसारखं टिण्ण. शिकताना ती वाट नको.

ठाण्याची हवा विचारली नाहीस पण सांगते. थंड देशात भट्टीने स्टुडिओ ऊबदार राहतो, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात उभं राहणं म्हणजे काय ते तू एकदा तरी अनुभव, सह्या करायच्या आधी. परदेशातसुद्धा बरेच स्टुडिओ उन्हाळ्यात भट्टी बंद ठेवतात. आणि पावसाळ्यात फुंकणीला गंज येतो, त्याचे पापुद्रे काचेत जातात, सोडा ॲश ओल धरून दगड होते, काचेला आकार द्यायच्या लाकडी ब्लॉकला बुरशी. गाळा बघायचाच असेल तर जुलैत बघ, कुठून गळतं ते कळतं.

आता तुझा पेपरवेट. नजर नाही गं, आईला सांग. काच बाहेरून आधी थंड होते, आत गरम राहते, बाहेरचा थर घट्ट झाला की आतला आकसायला जागा मागतो आणि ती मिळत नाही, मग तो ताण आतच कोंडून राहतो. ॲनीलर याच्यासाठीच असतो, काच एका तापमानावर धरून ठेवायची आणि मग हळूहळू उतरवायची. आणि जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ साधारण चौपट होतो, हे बरेच जण विसरतात. पातळ ग्लास रात्रभरात होतो, मुठीएवढा भरीव पेपरवेट त्याच ॲनीलरमध्ये त्याच प्रोग्रामवर ठेवला तर वरून छान दिसतो आणि आत ताण तसाच. कॉर्निंगला १९३४ मध्ये अमेरिकेतल्याच पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी २०० इंची आरसा ओतला, तो थंड करायलाच दहा महिने घेतले होते. तुझ्या वर्कशॉपवाल्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना घरी घेऊन जाता यावं म्हणून घाई केली असणार. शोकेसमध्ये दुपारचं ऊन येतं का? येत असेल तर रोजचं तापणं-निवणं, आणि नवव्या रात्री पुरे झालं त्याला.

तुकडे टाकले नसशील तर ठेव. दोन पोलराइज्ड शीट घे, जुन्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवरची निघते, नाहीतर दोन पोलराइज्ड गॉगल चालतील, एक दुसऱ्यावर आडवी धर म्हणजे मधे अंधार होतो, आणि त्या दोन्हींच्या मधे तुकडा धरून उजेडाकडे बघ. जिथे ताण राहिलाय तिथे पांढरं किंवा रंगीत चमकेल, जिथे नाही तिथे काळं. फुटल्यावर बराचसा ताण सुटून जातो, पण जाड तुकड्यात थोडा तरी सापडेल. आईला पण दाखव. फोटो निघाला तर मला पाठव, मला बघायचंय तडा पंटीच्या खुणेपासून सुरू झालाय का.